एक्टोपिकमध्ये नळी काढणे चालते, मग मेथोट्रेक्सेटवर वाद कशासाठी?

नर्सिंग_तिसरे_वर्ष
कॅथलिक जैवनीतिशास्त्राच्या नोट्समध्ये असे लिहिले आहे: गर्भाशयाबाहेर, म्हणजे बहुधा गर्भनलिकेत गर्भ रुजला (एक्टोपिक) तर गर्भासकट नळी काढणे मान्य. नळीला छेद देऊन नुसता गर्भ काढणे आणि मेथोट्रेक्सेटचे, म्हणजे पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन देणे, हे दोन्ही मात्र 'वादग्रस्त'. कारण म्हणून 'दुहेरी परिणामाचे तत्त्व' एवढेच शब्द. तिन्ही उपायांत गर्भ जातो आणि आई वाचते. पहिल्यात तर बाईची नळीही जाते. जास्त नुकसान करणारा उपाय निर्दोष कसा ठरतो? चार अटी पाठ आहेत, पण गाडी नेमकी कुठल्या अटीवर अडते ते कळत नाही. आणि व्हॅटिकनने यावर निकाल दिला आहे का?

ईशज्ञान_वाचक
अडते तिसऱ्या अटीवर, आणि काहींच्या मते त्याआधी पहिलीवरच.

एकाच कृतीतून चांगला आणि वाईट असे दोन्ही परिणाम होणार असतील, तर ती केव्हा चालते हे हे तत्त्व सांगते. कृती मुळात वाईट नसावी. वाईट परिणाम दिसत असला तरी तो हवा म्हणून केलेला नसावा. चांगला परिणाम वाईटाच्या *मार्फत* मिळवलेला नसावा. आणि एवढे सोसावे इतके गंभीर कारण हवे. तुम्ही नफा-तोट्याचा हिशेब मांडलात, तो चौथ्या अटीतला. पहिल्या तीन ओलांडल्याशिवाय चौथीपर्यंत पोहोचताच येत नाही. बहुतेक विद्यार्थी चौथीपासून सुरुवात करतात आणि मग सगळेच उपाय सारखे दिसू लागतात. नुसत्या परिणामांच्या तुलनेवर कृतीची नैतिकता ठरवणारी विचारसरणी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ च्या 'व्हेरितातिस स्प्लेंदोर' या परिपत्रकात स्पष्ट नाकारली आहे.

आता नळी काढणे घ्या. गर्भाभोवतीच्या ट्रोफोब्लास्ट पेशी नळीच्या भिंतीत घुसतात, रक्तवाहिन्या पोखरतात. नळीची भिंत गर्भाशयासारखी जाड नसते, त्यामुळे ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. सर्जन काढतो ती ही पोखरलेली नळी. कसोटी अशी लावा: अशीच पोखरलेली नळी गर्भाशिवाय असती तरी हीच शस्त्रक्रिया झाली असती का? हो. आईला वाचवण्याच्या कामात गर्भाच्या मृत्यूचा काही वाटा नाही. गरोदर बाईचे कर्करोगग्रस्त गर्भाशय काढण्याचे जुने उदाहरण याच जातीचे.

छेद देऊन गर्भ काढताना नळी जागेवरच राहते. हात लागतो तो गर्भाला, आणि आई वाचते ती त्यामुळेच. आक्षेप तेवढाच आहे.

मॉर्फिनच्या बाबतीत हाच फरक जास्त स्वच्छ दिसतो. वेदना थांबेपर्यंत डोस वाढवला आणि श्वास मंदावला, तर तो दुष्परिणाम. विचारा: रुग्ण जिवंत राहिला तर उपाय फसला असे म्हणाल का? 'नाही' असे उत्तर आले तर मृत्यू हे साधन नव्हते. वेदना थांबल्यावरही डोस चढवत नेला तर उत्तर बदलते.

स्त्रीरोग_ओपीडी
अटींकडे जाण्याआधी सोनोग्राफी बघा. गर्भाचे ठोके नाहीत आणि गर्भ मृत असल्याची खात्री झाली, तर वरची सगळी चर्चा गळून पडते. मृत गर्भ छेदाने काढा, औषधाने विरघळवा, नैतिक अडचण उरत नाही. खरा पेच जिवंत गर्भाचा. ठोके दिसत असतील तर वैद्यकीयदृष्ट्याही मेथोट्रेक्सेट सहसा टाळतात, कारण ते फसण्याची शक्यता वाढते. त्यामुळे वाद कागदावर जितका रुंद वाटतो तितका वॉर्डात नसतो. पण सावधान: सहाव्या आठवड्याच्या आत ठोके न दिसणे म्हणजे मृत्यू नव्हे. 'ठोके नाहीत' असा रिपोर्ट पाहून तुमच्या नोट्समधला प्रश्न सुटला असे समजू नका.

औषधाची गणिते: रुग्ण स्थिर हवी, नळी फुटलेली नसावी, गाठ साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटरच्या आत, बीटा-एचसीजी (रक्तातले गर्भधारणेचे संप्रेरक) सहसा ५,००० च्या खाली. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम, स्नायूत. रक्ततपासणी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, ते अपेक्षित असते. चौथ्या ते सातव्या दिवसात किमान १५ टक्के घट हवी, नाहीतर दुसरा डोस किंवा शस्त्रक्रिया. सर्वांत जास्त चुकते ते घरी: फॉलिक अॅसिडची गोळी चालूच राहते. मेथोट्रेक्सेट फोलेटलाच अडवते, म्हणजे ही गोळी औषधाचा परिणाम कमी करू शकते.

नळी फुटून रक्तदाब कोसळत असेल तर यातले काहीच विचारात घ्यायचे नाही. थेट ऑपरेशन थिएटर. कॅथलिक रुग्णालयातही याला आडकाठी नाही, आणि 'फादरांना विचारून सांगतो' म्हणत तास घालवणे ही त्या शिकवणीची चुकीची समजूत आहे.

ईशज्ञान_वाचक
डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्यामागे इतिहास आहे. १९०२ मध्ये रोमच्या होली ऑफिसने (श्रद्धा आणि नीतीच्या प्रश्नांवर निर्णय देणारे व्हॅटिकनचे कार्यालय) अपरिपक्व एक्टोपिक गर्भ बाहेर काढण्यास नकार दिला होता. त्यामुळे नळी फुटण्याआधी हात लावावा की नाही याचीच धास्ती होती. १९३३ मध्ये बूस्करेन या जेझुइट धर्मगुरूंनी दाखवून दिले की फुटण्याच्या आधीपासूनच नळी विकृत झालेली असते, म्हणून ती काढणे हा थेट गर्भपात नव्हे. पुढे हेच मत रूढ झाले. तत्त्व तेच राहिले. बदलली ती नळीच्या विकृतीबद्दलची माहिती.

आडवा_प्रश्न
मग मेथोट्रेक्सेटही तसेच म्हणा की. ते पेशींची वाढ थांबवते, गर्भाला सुरी लावत नाही. आणि एकच नळी उरलेल्या बाईचे काय? ती काढली की नैसर्गिक मूल संपले. ही नसबंदी नव्हे का?

ईशज्ञान_वाचक
पहिला युक्तिवाद खरोखर केला गेला आहे. १९९६ मध्ये मोराचेव्स्की या डॉमिनिकन संघाच्या धर्मगुरू-अभ्यासकांनी मांडले की औषधाचे लक्ष्य नळी पोखरणाऱ्या ट्रोफोब्लास्ट पेशी आहेत, गर्भाचे शरीर नाही. विरोधकांचे उत्तर: ट्रोफोब्लास्ट हा गर्भाचाच अवयव, त्याच्यावाचून गर्भ जगत नाही. त्याच्यावर हल्ला म्हणजे गर्भावरच. मला विरोधकांची बाजू जड वाटते, पण इतकी नव्हे की दुसऱ्या बाजूच्या डॉक्टरला कोणी पापी ठरवावे. व्हॅटिकनने छेद आणि मेथोट्रेक्सेट या दोन पद्धतींवर नावानिशी निकाल दिलेला नाही. अमेरिकन बिशपांच्या आरोग्यसेवा निर्देशांतही एक्टोपिकमध्ये 'थेट गर्भपात' नको एवढेच आहे, पद्धतीचे नाव नाही.

नसबंदीबद्दल: नाही. १९६८ च्या 'ह्युमाने व्हिते' या पोपच्या परिपत्रकाच्या १५ व्या परिच्छेदात रोगावरचे आवश्यक उपचार मान्य आहेत, वंध्यत्व येणार हे आधी दिसत असले तरी. वंध्यत्व हा हेतू नसावा, इतकेच.

पण तुमचा प्रश्न बोचरा आहे. दुसरी नळी निकामी झालेल्या इतर कुठल्याही बाईला डॉक्टर आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन करून गर्भधारणा) सुचवतील. १९८७ च्या 'दोनुम व्हिते' या व्हॅटिकनच्या निर्देशानुसार श्रद्धाळू कॅथलिक बाईला तो रस्ता बंद आहे. म्हणजे नळी काढण्याच्या सुरक्षित मताची सर्वांत मोठी किंमत जी मोजते, तिच्याच बाबतीत छेदाचा वाद उघडा आहे. तिला 'नळी काढा, विषय संपला' असे सांगणारा धर्मगुरू निम्मेच सांगतो.

स्त्रीरोग_ओपीडी
याला एक आकडा जोडते. दुसरी नळी निरोगी असलेल्या स्त्रियांवर युरोपात मोठी तुलनात्मक चाचणी झाली, २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तीन वर्षांत नैसर्गिक गर्भधारणा: छेद दिलेल्यांत ६०.७ टक्के, नळी काढलेल्यांत ५६.२. सांख्यिकीदृष्ट्या फरक नाही. उलट छेदानंतर ट्रोफोब्लास्ट पेशी मागे राहण्याचे प्रमाण ७ टक्के, नळी काढल्यावर एकाहूनही कमी. म्हणजे दुसरी नळी चांगली असेल तर 'जास्त नुकसान करणारा उपाय' हे मूळ प्रश्नातले गृहीतच फारसे टिकत नाही. एकच नळी असलेल्यांना हा आकडा लागू नाही.

नर्सिंग_तिसरे_वर्ष
आता कळले. काढलेल्या ऊतीचे पुढे काय करायचे? त्यावर नोट्समध्ये ओळसुद्धा नाही.

ईशज्ञान_वाचक
हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीची तपासणी) पाठवणे गरजेचे असते, त्याला हरकत नाही. पण गर्भाचे अवशेष ओळखता येत असतील तर ते सरसकट जैविक कचऱ्यात जाऊ नयेत. दफन हवे आहे का, हे कुटुंबाला शस्त्रक्रियेच्या *आधी* विचारा, कारण नमुना एकदा लॅबच्या नेहमीच्या विल्हेवाटीत गेला की परत मिळत नाही. बाप्तिस्म्याबद्दल विचारले तर: चर्चच्या कायद्याच्या कॅनन (कलम) ८७१ नुसार गर्भ जिवंत असेल तरच, शक्य तितपत. नळीतल्या सहा-सात आठवड्यांच्या गर्भाच्या बाबतीत ती वेळ जवळजवळ येत नाही. त्याऐवजी पालकांसोबत प्रार्थनेला धर्मगुरूंना बोलवावे का, एवढे विचारा.