शब्दचर्चा : दारू ‘अंमली पदार्थ’ आहे की नाही?

अनुवादिनी
कॉलेजच्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. विषय रात्रीच्या मारामाऱ्या आणि नशा. पहिल्याच पानावर अडले. मूळ वाक्याचा आशय असा: अल्कोहोल हेही एक ड्रगच आहे. मी लिहिलं, ‘दारू हाही एक अंमली पदार्थच आहे.’ छापणाऱ्या मंडळाच्या सचिवांनी ते खोडलं. दारू ती दारू, अंमली पदार्थ ते अंमली पदार्थ, एकत्र केलं तर पालक चिडतील, असं त्यांचं म्हणणं. ‘मादक द्रव्य’ सुचवलं तर म्हणाले फार पुस्तकी. ‘ड्रग’च ठेवावं तर मुलांच्या डोळ्यांपुढे पांढरी पावडर येते, खिशातली चपटी येत नाही.

माझ्यासाठी हा नुसता शब्दांचा कीस नाही. दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या रात्री माझ्या मामेभावाच्या डोक्यात एकाने बिअरची बाटली फोडली. कारण काय, तर नाचताना धक्का लागला. नऊ टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर मी त्याच्या शर्टाचा बोळा धरून बसले होते. त्यातून काचेचा चुरा माझ्या मांडीवर पडत होता. आणि चौकीवरून आलेले गृहस्थ मामांची समजूत घालत होते, ‘पिलेला होता हो तो. पोरगा वाईट नाही.’ त्याने गांजा ओढलेला असता तर ‘पोरगा वाईट नाही’ हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले असते का? दारू आणि गांजा शेजारी शेजारी बसतील असा एक शब्द मला हवा आहे. आहे का मराठीत?

निरुक्तप्रेमी
शब्द तुमच्या वाक्यातच आहे, ताई. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपण अजून ‘दवादारू केली, गुण नाही आला’ म्हणतो, तेव्हा पेशंटला बाटली पाजली असं कुणाला वाटत नाही. पुढे बंदुकीच्या भुकटीलाही दारूच म्हणू लागले. दारूगोळा, रायगडावरचं दारूकोठार, दिवाळीतली शोभेची दारू. इंग्रजी ‘ड्रग’चंही तेच आहे, औषध तेच आणि नशा तीच. तेव्हा ‘दारू हे ड्रग आहे’ हे वाक्य मुळातून पाहिलं तर एकच शब्द दोनदा म्हटल्यासारखं होतं. सचिवांना हे सांगून पाहा.

मराठीचा पाईक
फारसीचे आधार कशाला शोधायचे? ‘मद्’ धातू घरचा आहे. मद, मद्य, मादक, उन्माद, प्रमाद ही सगळी त्याचीच लेकरं. ‘मादक पदार्थ’ म्हणा, त्यात दारू, गांजा, अफू सगळं येतं. सिनेमाच्या पानांनी ‘मादक सौंदर्य’ लिहून लिहून शब्द नासवला, हा शब्दाचा दोष नव्हे.

‘व्यसन’ शब्दही पाहा. कौटिल्याने कामातून येणारी चार व्यसनं सांगितली: मृगया, द्यूत, स्त्री आणि पान. कोपातून येणारी तीन: वाक्पारुष्य, अर्थदूषण आणि दंडपारुष्य. दंडपारुष्य म्हणजे अंगावर हात टाकणं. म्हणजे पिणं आणि मारणं दोन्ही व्यसनंच, एकाने दुसऱ्याला माफी मिळत नाही. इतकं नेमकं आपल्याकडे असताना आपण अरबी-फारसीच्या दारात उभे!

आणि ‘पिलेला’ नव्हे, ‘प्यायलेला’. अनुवादकाने तरी जपावं.

मु. पो. नांदेड
पाईकसाहेब, त्या माणसाने ‘पिलेला’ म्हटलं, ताईंनी तसंच लिहिलं. आमच्याकडे सगळे पिलेलाच म्हणतात, माझी आईसुद्धा. आमचं बोलणं काय अशुद्ध आहे का?

फारसी-अरबी काढायला बसाल तर ‘नशा’ जाईल, ‘अंमल’ जाईल, ‘आबकारी’ जाईल. मग हा धागा संस्कृतात चालवा.

दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ का म्हणतात ते कुणी सांगितलं नाही. गुत्ता म्हणजे मक्ता. मराठवाड्यात सरकारी रस्त्याची कामं घेणारा आजही गुत्तेदारच असतो. पूर्वी दारू विकायच्या हक्काचा लिलाव व्हायचा, जो घेई त्याचा गुत्ता. पुढे दुकानाचंच नाव गुत्ता पडलं. सरकारने पैसे घेऊन दिलेला हक्क त्या नावातच आहे. गांजाच्या अड्ड्याला कुणी गुत्ता म्हणत नाही, तो ‘अड्डा’. आता भेद कुठून सुरू झाला ते बघा.

काळा कोट
वकिली सोडून आठ वर्षं झाली, पण हे वाचून राहवलं नाही.

‘अंमल’ मूळ अरबी. अर्थ काम, कारभार, सत्ता. इंग्रजांचा अंमल, अंमलबजावणी, अंमलदार. जे पोटात गेल्यावर माणसावर राज्य करतं ते अंमली. राजस्थान, कच्छकडे तर अमल म्हणजे थेट अफूच. या अर्थाने दारू अंमली नाही असं कोण म्हणेल? ‘दारूच्या अंमलाखाली’ हे शब्द तर पोलिसांच्याच कागदांवर असतात.

कायद्याने मात्र दोघांची घरं वेगळी केली आहेत. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात मादक पेयं आणि अपायकारक अंमली द्रव्यं एकाच वाक्यात आहेत, दोन्हींवर बंदीचा प्रयत्न राज्याने करावा म्हणून. पुढे दारूसाठी १९४९चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आणि बाकीच्यांसाठी १९८५चा केंद्राचा. त्या दुसऱ्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे उत्तेजक द्रव्य, घेतलेल्या पोराला दोन-दोन रात्री झोप नसते, त्याला गुंगीकारक कसं म्हणायचं? आणि त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग बाहेर राहिली.

निरुक्तप्रेमींना आवडेल अशी गोष्ट. आपल्या राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो, आणि विदेशी मद्याचा तो परवाना मिळतो आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे कागदोपत्री दारू अजून औषधच आहे.

आता शिक्षा पाहा. पिऊन सार्वजनिक ठिकाणी त्रास दिला तर भारतीय दंड संहितेच्या ५१०व्या कलमात २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १० रुपयांपर्यंत दंड. हे १० रुपये थेट १ जुलै २०२४पर्यंत टिकले. भारतीय न्याय संहितेत आता १,००० रुपये आहेत, किंवा समाजसेवा. उलट कुणालाही त्रास न देता घरात बसून गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. आणि स्वतःच्या हाताने प्यायलेल्याला ‘शुद्धीत नव्हतो’ म्हणून सुटका नाही, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्यातही आहे. तुमच्या मामांना चौकीवरच्या गृहस्थांनी ते सांगायला हवं होतं. याचा मला राग येतो.

उपसंपादक, रात्रपाळी
दोष आमच्याकडेही आहे. तेवीस वर्षं मथळे देतो आहे. पिणाऱ्याने चार गाड्यांच्या काचा फोडल्या की हात आपोआप ‘मद्यधुंद तरुणांचा धिंगाणा’ लिहितो. ३१ डिसेंबरला ‘तळीरामांची झिंग उतरवली’. शेतघरावर छापा पडला आणि नुसती दारू सापडली तर ‘ओली पार्टी’, तिथेच चार गोळ्या सापडल्या की ‘रेव्ह पार्टी’. ओली या शब्दाने ओठांवर हसू येतं, रेव्ह म्हटलं की घबराट.

तळीराम शब्दाबद्दल मला फार वाटतं. तो ‘एकच प्याला’मधला, नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं. लोकांना तळीरामाचे विनोद आठवतात. पण त्याच नाटकात सुधाकर दारूपायी पोटच्या पोराचा जीव घेतो. शंभर वर्षांत आपण मूल विसरलो आणि विनोद ठेवला. पुण्यात १९ मे २०२४ला कल्याणीनगरात भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता, त्या दिवशी मी ठरवलं की ‘तळीराम’ परत लिहायचा नाही. बाकी टेबलं लिहितात.

फोंडेकर
‘बेवडा’ राहिलाच की. आमच्या कोकणीत दारुड्याला ‘बेबदो’ म्हणतात. पोर्तुगीज ‘बेबादु’ म्हणजे प्यायलेला, त्यावरून. माझ्या मते मुंबईचा बेवडा इथूनच वर गेला.

मराठीचा पाईक
मुळीच नाही. ‘बे’ म्हणजे दोन. दोनदा गाळलेली ती बेवडी, आणि ती पिणारा बेवडा. माझे चुलते भिवंडीत होते, ते हेच सांगत.

फोंडेकर
दोनदा गाळण्याचं म्हणाल तर ते आमच्या घरात होतं. बोंडूंचा रस एकदा भट्टीवर चढवला की उर्राक, तोच परत चढवला की फेणी. आजोबांची भाटी होती. दोनदा गाळलेलीला त्यांनी कधी बेवडी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि हेही सांगतो, गावात पिऊन कुणी भांडलं तर दुसऱ्या दिवशी आजोबा त्याला आणि त्याच्या बापाला दोघांना बोलवून घ्यायचे. ‘सोऱ्याचेर घालूं नाका’ म्हणायचे. दारूवर ढकलू नका.

आडवी बाटली
चंद्रपूरची आहे. हे नाव का घेतलं ते विदर्भातल्या बायांना सांगायला नको. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते, एक आडवी. गावच्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. ‘बाटली आडवी केली’ हा आमचा वाक्प्रचार, कोणत्या कोशात असो नसो. जिल्ह्यात २०१५ला दारूबंदी झाली, २०२१ला उठली. शेजारी गडचिरोलीत १९९३पासून आहे.

मला ताईंचं पटत नाही, तेही सांगते. दारूला अंमली पदार्थ म्हटलं म्हणजे दारूची भीती वाढेल, असं तुम्ही धरून चालला. माझ्या घरात उलटं झालं असतं. पोरगा म्हणेल, बाबा रोज घेतात, तेही अंमली, मग गर्दनं काय होतं? आम्ही दारूला दारूच म्हणून लढलो.

आणि शब्दांचा भेद दारू-गांजातच नाही. बंगल्यातला ‘घेतो’, चाळीतला ‘पितो’, झोपडीतला ‘ढोसतो’. कार्यकर्त्यांचा ‘श्रमपरिहार’ असतो. ‘आज बसायचं का?’ म्हणतात, कुठे बसायचं ते सांगावंच लागत नाही. मार खाणाऱ्या बाईला तिन्ही घरी सारखंच लागतं.

अपघात विभाग
परिचारिका आहे, एकोणीस वर्षं. धुळवड, ३१ डिसेंबर आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी आम्ही टाक्यांच्या धाग्याची जादा पाकिटं काढून ठेवतो. महाशिवरात्रीच्या भांगेसाठी कधी काढली नाहीत. भांग चढलेला येतो तो घाबरलेला असतो, ‘सिस्टर मी मरतोय का’ विचारतो, छातीवर हात ठेवून पडून राहतो. त्याच्याबरोबर फुटलेलं डोकं येत नाही. गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. एक हुशार मुलगा वर्षभर ओढून भ्रमिष्ट झालेला मी पाहिला आहे. पण रस्त्यावरच्या मारामारीचं विचाराल तर माझ्या टेबलावर वास दारूचाच येतो.

काळा कोट म्हणतात तो ‘अंमल’ आमच्या फॉर्मवर आहे. पोलीस माणूस तपासायला आणतात, डॉक्टर लिहितात: दारू प्यायलेला आहे, परंतु दारूच्या अंमलाखाली नाही. म्हणजे जीभ अडखळत नाही, बाहुल्या ठीक, सरळ रेषेत चालतो. असे किती तरी जण समोरच्याचा दात पाडून आलेले असतात. त्यांच्यावर अंमल नव्हता. मग मारलं कुणी?

निरुक्तप्रेमी
सिस्टर, हे वाचून थांबलो. व्युत्पत्तीने एवढं लांब जाता येत नाही.

मु. पो. नांदेड
आमच्याकडे ‘नशापाणी’ म्हणतात. ‘पोरगा नशापाणी करतो का?’ हे सोयरीक जुळवताना विचारतात, त्यात सगळं येतं, दारू, गांजा, गुटखा. ताईंना हा चालेल.

मराठीचा पाईक
‘नशा’ पुन्हा अरबी. शिवाय ‘पाणी’ लावलं की शब्द सौम्य होतो. चहापाणी, औषधपाणी, नशापाणी.

अनुवादिनी
सगळ्यांचे आभार. नशापाणी मनात घोळतो आहे, पण पाईककाकांचं ‘पाणी’बद्दलचं म्हणणं खरं वाटतं. चंद्रपूरच्या ताईंनी तर माझी झोप उडवली, त्यांचा मुद्दा मी धरलाच नव्हता. सोमवारी मजकूर द्यायचा आहे. आत्ता वाक्य असं आहे: ‘दारूचाही अंमल चढतो, आणि त्या अंमलात केलेली मारहाण ही मारहाणच असते.’ सचिवांना अजून दाखवलं नाही.

मामेभावाला कच्चा मजकूर वाचायला दिला होता. त्याने एकच शब्द खोडला. आतल्या एका पानावर मी ‘रस्त्यावरचा धिंगाणा’ लिहिलं होतं. म्हणाला, ‘ताई, धिंगाणा आपण गच्चीवर घालायचो.’ त्याच्या जागी काय घालू? ‘राडा’ चालेल का?

पंचगंगा काठ
राडा म्हणजे मुळात चिखल. आमच्याकडे पावसात गोठ्यात राडा होतो. मारामारीचा अर्थ मुंबईकडून आला असावा.

वर बेवड्याचं चाललंय म्हणून सांगतो, शेतात ‘बेवड’ म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण. उसाला हरभऱ्याचा बेवड चांगला. याचा आणि बेवड्याचा काही संबंध आहे का? फोंडेकर, तुमच्याकडे बेवड म्हणतात का?