मदत हवी आहे: बाळंतपणाच्या धसक्यावर उपचार, नागपुरात मराठीतून

तातडीचं सिझर होऊन सात आठवडे झालेल्या एका बाळंतिणीसाठी विचारतेय. बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीत ३० पैकी ९ गुण आले, दहाव्या प्रश्नाला (स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्य. म्हणून "नैराश्य नाही" सांगून घरी पाठवलं. पण ती प्रश्नावली पीटीएसडी (धक्कादायक प्रसंगानंतर मनात राहणारा आघात) मोजतच नाही! स्पिरिटचा वास आला की हिचे हात घामेजतात, ऑपरेशन थिएटरचे दिवे डोळ्यांपुढे येतात, बाळाची सहा आठवड्यांची लसही दवाखान्याच्या भीतीने राहिलीय. महिन्यावर टिकलेली ही लक्षणं वेगळी तपासायलाच हवीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय. मेडिकल, मेयो (दोन्ही सरकारी रुग्णालयं) किंवा धंतोलीकडे ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आघातावर करायचा उपचार) वा ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार-वर्तन बदलणारी समुपदेशन पद्धत) करणारं, अंगावरचं बाळ सोबत चालवून घेणारं कुणी आहे का?