८ महिन्यांची लेक रात्री दर तासाला उठते, ऑफिस सुरू झाल्यापासून

कल्याणची_आई
लेक ८ महिन्यांची आहे. आधी रात्री दोनदा उठायची, दूध प्यायली की परत गुडुप. २६ आठवड्यांची रजा संपली, थोडी बिनपगारी टाकून साडेसहा महिन्यांपर्यंत ओढलं, आणि ऑफिस सुरू झालं तेव्हापासून सगळं बिनसलंय. रात्री ११ शिवाय झोपत नाही, आणि मग साडेबारा, पावणेदोन, अडीच असं चालूच, प्रत्येक वेळी अंगावरच लागतं, नवऱ्याने घेतलं तर अशी किंचाळते की वरच्या मजल्यावरचे जागे होतात. साबा (सासूबाई) म्हणतात पोट भरत नाही, झोपताना घट्ट नाचणीसत्त्व चार. माझी आई म्हणते जायफळ उगाळून दे. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली, तीही काढून झाली. दात अजून एकही नाही, डॉक्टर म्हणतात वजन छान आहे, काही झालं नाहीये. मला मात्र आता लोकलमध्ये उभ्या उभ्या झोप लागतेय. काय करू?

मीनू_ताई
दिवसा दूध किती पिते? आणि संध्याकाळची झोप किती वाजता असते? हे दोन आधी सांग, मग बोलू.

कल्याणची_आई
पंपाने काढून ठेवते, साबा वाटी-चमच्याने देतात पण दोन चमचे घेऊन तोंड फिरवते. दिवसभरात जेमतेम एक वाटी जात असेल. खिमट, डाळीचं पाणी, केळं बरं खाते. संध्याकाळी ६ ला झोपते ती मी साडेसातला घरी येते तेव्हा नुकतीच उठलेली असते, एकदम फ्रेश!

मीनू_ताई
मग झालं की. पोरीने पंगत रात्रीला हलवलीये गं. आई दिवसा नसली की बरीच अंगावरची बाळं असं करतात, दिवसा नावापुरतं पितात आणि आई हाताशी आली की रात्रभर वसूल करतात. झोप बिघडलीये असं तुला वाटतंय पण मला तर जेवणाची वेळ बिघडल्यासारखी दिसतेय, त्यामुळे रात्रीचं काही करण्याआधी दिवसाचं बघ.

सकाळी निघायच्या आधी अंधाऱ्या खोलीत आडवं होऊन पोटभर पाज, घाईत नको. घरी आलीस की चहाच्याही आधी तिला घे. वाटी-चमचा नको असेल तर बोंडलं (चोचीची वाटी) वापरून बघा, नाहीतर छोटा कप, आणि तेही नको म्हणाली तर तेच काढलेलं दूध खिमटात किंवा नाचणीच्या खिरीत घाला, गरम करू नका, खीर कोमट झाल्यावर वरून मिसळा. शनिवार-रविवारी दर दोन-तीन तासांनी स्वतःहून पाज, ती मागायची वाट बघू नको. काढलेलं दूध खोलीत ४ तास टिकतं असं लिहिलेलं असतं पण ती खोली २५ डिग्रीची, मे महिन्यातली कल्याणची नव्हे! सरळ फ्रीजमध्ये ठेव, ४ दिवस चालतं, दारातल्या कप्प्यात नको, आत मागे ठेव.

आणि ती ६ ची झोप. साडेसातला उठलेलं ८ महिन्यांचं बाळ ११ च्या आधी कसं झोपेल? या वयात दोन झोपांमध्ये साधारण अडीच-तीन तास जागरण लागतंच. ती झोप ५ ला घ्या, अर्ध्या तासात उठवा, आणि साडेआठला रात्रीची झोप. उशिरा झोपवलं की गाढ झोपेल हे बाळांच्या बाबतीत चालत नाही, अति दमलेलं बाळ उलट जास्त उठतं.
नाचणीसत्त्व जरूर द्या, चांगलंच आहे, पण ते खाऊन रात्रभर झोपेल ही आशा सोडून दे.

जर्सीची_अवनी
मीनूताईचं दिवसाचं पटलं, पण अजून एक. ती दूध पिता पिताच झोपते ना? बाळाचं झोपेचं एक चक्र तासाभराचंच असतं (आपलं दीड तासाचं), आणि चक्र संपलं की सगळेच थोडे जागे होतात, आपण कूस बदलतो आणि विसरतो. तिला वाटतं झोपताना तोंडात होतं ते कुठे गेलं, म्हणून भोकाड. म्हणून शेवटचं दूध झोपायच्या अर्धा तास आधी दे, मग मालिश नाहीतर गाणं, आणि डोळे पेंगुळले की जागी असतानाच खाली ठेव.
आम्ही इथे डॉक्टरांना विचारून फर्बर मेथड केली. रडली की पहिल्या रात्री ३ मिनिटांनी जायचं, मग ५, मग १०, थोपटायचं पण उचलायचं नाही. थोड्या दिवसांत झोपायला लागली. मला माहितीये यावर इथे शिव्या पडणार.

अकोल्याचा_बाबा
शिव्या नाही, पण आमच्या वन बीएचकेत १० मिनिटं रडू दिलं असतं तर पाचव्या मिनिटाला आईच दार तोडून आत आली असती 😄 भिंतीला कान लावून घर जागं असतं हो इकडे. आणि ८-९ महिन्यांत आई नजरेआड झाली की जीव कासावीस होण्याचं वयच असतं, त्यात हिची आई आत्ताच ऑफिसला जायला लागलेली. आत्ता एकटीला रडू द्यायला माझं मन होणार नाही, बाकी ज्याचं त्याने बघावं.

आम्ही काय केलं तर १२ च्या आधीचं प्रत्येक उठणं माझं. बायको दुसऱ्या खोलीत, कारण दुधाचा वास आला की पोरगा ऐकतच नव्हता. रडला, लई रडला, पण माझ्या खांद्यावर रडला, हा फरक आहे. मी फेऱ्या मारायचो, पाठीवर थोपटायचो, तोंडाने पंख्यासारखा भुर्रर्र आवाज. हळूहळू त्याला कळलं की बापाकडे दूध नाही पण बाप आहे. तुमच्या नवऱ्याला सांगा की किंचाळली म्हणून लगेच परत देऊ नका.
अजून एक, आमच्याकडे ४४ डिग्रीत आजी पोराला टोपडं घालून झोपवायची. मानेवर हात लावून बघा, घामट लागली तर कपडे कमी करा. पंखा लागतो बाळाला, काही होत नाही.

सुमनआजी
आमच्या वेळी जायफळाचे दोन वेढे सहाणेवर उगाळून दिले की बाळ सकाळपर्यंत हलायचं नाही. चारही मुलं नीट मोठी झाली. आताच्या मुलींना सगळ्याचीच भीती.

निवृत्त_सिस्टर
आजी, राग मानू नका, पण हलायचं नाही हीच तर काळजीची गोष्ट. जायफळ जास्त झालं की गुंगी येते, आणि एक वेढा म्हणजे किती हे सहाण सांगत नाही, जायफळ लहानमोठं, हात हलकाजड. मुंबईत गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका एकेकाळी पोरांना अफूची बाळगोळी देऊन जायच्या, तीही पोरं शांतच झोपायची. त्या बायकांचा नाइलाज होता, आपला नाही. मध पण एक वर्षाच्या आत अजिबात नको, चाटवायलाही नको. सर्दीचं औषध दिलं की छान झोपते म्हणून देणारे तर मी वॉर्डात खूप पाहिलेत. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं त्यावर छापायचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघालाय, घरातल्या बाटलीवर वाचून बघा.

बाळाला उताणं झोपवा, स्वतःहून पालथी पडली तर पडू द्या. अंथरूण सपाट आणि घट्ट, राईची उशी, लोड, गोधडी काही जवळ नको. झोळीत दुपारी डोळ्यासमोर ठीक, पण रात्रभर नको, मान छातीवर वाकते. झोप तुमच्याच खोलीत पण पलंगाला लागून वेगळी जागा असेल तर उत्तम. आणि तू इतकी दमलेली आहेस तर पाजताना सोफ्यावर डुलकी लागू देऊ नको, ते सगळ्यात धोक्याचं.

एक राहिलं. लोह कमी असलं तरी मुलं रात्री चुळबुळ करतात. ६ महिन्यांनंतर लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली असतं, आशाताई देतात, चालू आहे का? नसेल तर डॉक्टरांना विचार. झोपेत घोरत असेल, श्वास अडकल्यासारखा वाटला तर मात्र इथे विचारत बसू नको, दाखवून ये.

कल्याणची_आई
सगळ्यांना थँक्यू, वाचून रडूच आलं. सिरप आणलं होतं पण शी काळी होते म्हणून साबांनी बंद केलं होतं, हे मला काल कळलं!!

निवृत्त_सिस्टर
काळी होणारच, लोहाने होते. चालू कर परत.

कल्याणची_आई
६ च्या झोपेवरून घरात बोलणं झालं. साबांचं म्हणणं पण खोटं नाही, ती झोपली नाही तर त्यांनी स्वयंपाक कधी करायचा. शेवटी पोळ्यांना बाई लावली आणि नवरा वर्क फ्रॉम होमच्या दिवशी ५ ला झोपवून साडेपाचला उठवतो. त्या दिवशी पावणेनऊला झोपते, आणि पहिली उठते ती एकदम साडेबाराला. बाकीच्या दिवशी अजून गोंधळच आहे. दिवसाचं दूध बोंडल्याने दोन वाट्यांवर गेलंय. पण आता नवीनच, पहाटे ५ ला उठून टाळ्या वाजवते. आम्ही लाईट लावून खेळवत बसतो, दुसरं काय करणार?

मीनू_ताई
लाईट लावू नको, तिथेच चुकतंय. खिडकीला जाड चादर लाव, ६ पर्यंत खोलीत अंधार, बोलायचं नाही, पाजून परत आडवं. आणि नवऱ्याला सांग ५ ला टाळ्यांना टाळ्या देऊ नको.