वहीसाठी जागा आधी, ट्रॉल्या नंतर

वर कुणीतरी विचारलंय ना, की नवीन किचनमध्ये आजीची रेसिपीची वही कुठे ठेवायची, तर ओट्यावर अजिबात नको. आमच्या पंचवटीतल्या घरी आईने ती गॅसशेजारी ठेवलेली, अनारशाचं पान तुपाने इतकं पारदर्शक झालंय की मागचं लिंबाचं लोणचं पण पुढूनच वाचता येतं :) आता मिक्सरच्या वर, डोळ्यांच्या उंचीला अरुंद फळी केलीय, वही उघडी उभी राहते. आणि हो, ओटा कोपरापेक्षा ४ इंच खाली घ्या, सुतार सगळ्यांना सरसकट ३४ इंच सांगतो, माझी पाठ गेली त्यात. वहीतलं अदपाव म्हणजे अर्धा पाव, जुन्या शेराचा आठवा भाग, साधारण ११७ ग्रॅम हं, ८० तोळ्यांच्या शेराच्या हिशोबाने, मी पहिल्यांदा पाव किलो गूळ घातला होता.