एका वेळी किती शाली सुईवर असाव्यात?

अनगोळकर:
आमच्या विणकामाच्या गटात परवा एका ज्येष्ठ काकूंनी नव्या मुलींना बजावलं, "एक शाल सुईवरून उतरल्याशिवाय दुसरीचे टाके घालायचे नाहीत. जिच्या चार सुरू असतात तिची एकही पुरी होत नाही." काकूंच्या हाताला तोड नाही, पण हे मला पटलं नाही. माझ्या दोन-तीन शाली कायम सुरू असतात, आणि त्या पुऱ्या होतात.

विणायला मिळणारा वेळ सारखा नसतो. खानापूरहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये किंवा दवाखान्याच्या बाकावर हातात नुसत्या सुलट ओळींची शाल हवी. मान वर करून बोलता येतं, तिकीट काढता येतं. जाळीच्या विणीला ते चालत नाही. तिथे दोरा घेऊन एक टाका वाढवला की कुठेतरी दोन टाके एकत्र विणून तो कमी करावा लागतो. एक चुकला तर नक्षी पुढे सरकत जाते आणि चार ओळींनंतर कळतं. ती शाल रात्री जेवणं उरकल्यावर, चांगल्या उजेडात. पावसाळ्यात दिवे गेले की ती बाजूलाच. एकच शाल ठेवायची आणि ती जाळीची असली, तर बसमधला सगळा वेळ फुकट जाणार की नाही?

शहापूरची लेक:
ताई, मी काकूंच्या बाजूची. आमच्या घरी शहापुरात माग होता. एकदा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, चढला की ती साडी उतरेपर्यंत मागावर दुसरं काही नाही, आणि म्हणूनच साडी ठरल्या दिवशी व्यापाऱ्याकडे पोचायची. सुयांना असं कोणी अडवत नाही. दहा मिनिटांत नवे टाके घालून होतात. नवा रंग, नवी वीण, सुरुवात सगळ्यांनाच आवडते. कंटाळा येतो तो शेवटच्या लांबच लांब ओळींचा. माझ्या मते दुसरी शाल म्हणजे बहुतेक वेळा त्या ओळींपासून पळायची वाट असते.

आणि शाल नुसती विणणारीची नसते की. आपल्याकडे खरी थंडी नोव्हेंबर ते जानेवारी. आजीला कबूल केलेली शाल फेब्रुवारीत हाती पडली तर ती पुढच्या वर्षीची झाली. ऐंशीच्या घरातल्या माणसाला "पुढच्या थंडीत घ्या" असं सांगवत नाही मला.

निपाणीकर:
पैशाचंही बघा की. तीन शाली म्हणजे तीन शालींची लोकर घरात अडकलेली. थोडी घेऊन सुरू केली आणि बाकीची नंतर आणायला गेलात तर त्याच रंगाचा पण वेगळ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला गुंडा मिळतो. दुकानात फरक दिसत नाही, अंगावर उन्हात पट्टा उठून दिसतो. एकच करा, सगळी लोकर एकदम घ्या.

खानापूरकर:
कंटाळ्याचा मुद्दा निघालाच आहे तर त्याचं गणित मांडते. ते माहीत नसल्यामुळे पुष्कळ शाली अर्धवट राहतात.

मानेपासून सुरू होणारी त्रिकोणी शाल घ्या. दोन कडांना एकेक आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे दर दोन ओळींमागे 4 टाके वाढतात. शाल 200 ओळींची असेल तर शेवटी सुईवर 400 च्या वर टाके असतात. 100 ओळी झाल्या की आपल्याला वाटतं अर्ध्यावर आलो. मुळीच नाही. तेव्हा फक्त पाव शाल झालेली असते. अर्धी लोकर संपते ती 140 व्या ओळीच्या आसपास. म्हणजे उरलेल्या 60 ओळींत अर्धी शाल! बायका साधारण 110-120 ओळींवर हात टेकतात आणि स्वतःला आळशी म्हणवून घेतात. त्या आळशी नसतात, त्यांनी ओळी मोजलेल्या असतात आणि लोकर मोजलेली नसते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेला गुंडा ठेवा. किती झालं ते वजन सांगेल.

मला दोन शाली चालतात. पण बाजूला ठेवायची रीत हवी. महिनोन्महिने सुईवर राहिली की त्या ओळीचे टाके ताणतात आणि पुढे विणल्यावर तिथे रेघ दिसते. शुद्ध लोकर धुतल्यावर ती बरीचशी मिटते, ॲक्रिलिकची मिटेलच असं नाही. म्हणून टाके जाड सुती दोऱ्यावर काढून ठेवायचे. सुईही मोकळी होते. सोबत चिठ्ठी हवी: कितवी ओळ, कुठली सुई, आणि सुईचं माप मिलिमीटरमध्येच. आपल्या जुन्या सुयांवर 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, अमेरिकन नमुन्यातला 8 म्हणजे 5 मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. चार महिन्यांनी हे आठवत नाही, आणि मग शालीचा खालचा अर्धा भाग वेगळ्याच मापाचा होतो.

कॅम्पवाली:
जाळीच्या दोन मात्र एकदम नकोत. एका नक्षीची ओळ पाठ होते आणि हात तीच दुसरीत घालतो.

अनगोळकर:
खानापूरकर ताई, तुमच्या गणिताने माझंच म्हणणं पक्कं झालं. सुरुवातीचा त्रिकोण मुठीत मावतो, ओळ दोन मिनिटांत होते, तो पिशवीत घालून कुठेही न्यावा. 400 टाक्यांची ओळ मध्येच सोडता येत नाही आणि मांडीवर तिचा ढीग होतो, ती घरातच बरी. म्हणजे प्रत्येक शाल वाढता वाढता बसमधून घरात येते. ती घरात बसली की बससाठी नवी लागणारच! शाली किती, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. दोन शाली एकदम त्या शेवटच्या 60 ओळींत येऊ द्यायच्या नाहीत, एवढं मी कटाक्षाने पाळते.

शहापूरच्या ताई, पळवाटेचं तुम्ही म्हणता ते काहींच्या बाबतीत खरं असेल. पण एकाच बारीक सुईवर महिनाभर विणून मनगट भरून येतं, तेव्हा जाड सुईवरची दुसरी शाल घेतली की हात चालू राहतो. तीही पळवाट म्हणायची का?

निपाणीकर:
सुई बदलली की विणीचा ताणही बदलतो. जाड सुईवरून परत बारीकवर आलं की पहिल्या दोन-तीन ओळी सैल पडतात. शाल जवळून बघणाऱ्याला ते कळतंच.

कॅम्पवाली:
शाल सुईवरून उतरली म्हणजे पुरी झाली असंही नाही. लोकरीची जाळी भिजवून, टाचण्या लावून ताणून वाळवल्याशिवाय नक्षी उघडत नाही. जुलै-ऑगस्टच्या पावसात बेळगावात साधे टॉवेल वाळत नाहीत, तिथे शाल कुठे पसरणार? माझ्या पावसाळ्यात विणलेल्या शाली दसऱ्याच्या उन्हाची वाट बघत पडून असतात. तोवर हात बांधून बसायचं का? दमट दिवसांत खऱ्या लोकरीला कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या तेवढ्या ठेवा. ॲक्रिलिकला कसर खात नाही.

शहापूरची लेक:
मनगटाचं मान्य, पावसाचंही मान्य. बसमधून घरात येण्याचं तर मला आवडलं. तरी कबूल केलेल्या शालीला मी रांगेत उभी करणार नाही. स्वतःसाठी, प्रदर्शनासाठी, हौसेसाठी पाच सुरू ठेवा. पण जिच्यावर माणसाचं नाव आहे ती सुरू केली की तीच, मग ओळ 400 टाक्यांची असो की 600 ची. खानापूरच्या ताईंच्या चिठ्ठीत आणखी एक गोष्ट घाला, कोणासाठी आणि कधीपर्यंत.

चिकोडीची:
मी नवीन आहे. पहिलीच त्रिकोणी शाल, 200 ओळींची, 60 झाल्या. बाजारात सुंदर मोरपिशी लोकर दिसली, दुसरी सुरू करू का?

अनगोळकर:
दोन्ही नुसत्या सुलट ओळींच्या असतील तर थांबा, तोच कंटाळा दुप्पट होईल. वीण वेगळी असेल तर खुशाल करा. लोकर मात्र आजच सगळी घ्या, लॉट नंबर बघून.

खानापूरकर:
60 ओळी म्हणजे जेमतेम अकरावा भाग झालाय हो. निदान 140 पर्यंत जा, मग ठरवा.

शहापूरची लेक:
पहिली कोणासाठी विणताय?

चिकोडीची:
आईसाठी. दिवाळीला.

शहापूरची लेक:
मग मोरपिशी लोकर घेऊन ठेवा आणि कपाटात टाका. आईची आधी.