मदत हवी आहे: लेझर अंतरमापकाचा रिसीव्हर काळ्या वस्तूवर जास्त अंतर दाखवतोय

घाटकोपरकर: पल्स लेझरने अंतर मोजायचा बोर्ड बनवलाय. पांढऱ्या भिंतीवर आकडा बरोबर येतो, तिथेच काळं कापड धरलं की 40 सेंमी जास्त. शुक्रवारी कॉलेजात प्रात्यक्षिक आहे. कंपॅरेटर (सिग्नल ठरलेल्या पातळीला, म्हणजे थ्रेशोल्डला, पोचला की इशारा देणारा भाग) बदलू का? लवकर सांगा.

सोल्डरवाला: डिटेक्टर कोणता? वेळ कशाने मोजताय? नुसतं "बोर्ड बनवलाय" यावरून काय सांगणार?

घाटकोपरकर: 905 नॅनोमीटरचा लेझर, एपीडी (परतलेला प्रकाश पकडणारा डायोड), मग ट्रान्सइम्पीडन्स ॲम्प्लिफायर (त्याचा करंट व्होल्टेजमध्ये बदलून वाढवणारा), कंपॅरेटर, टीडीसी7200 (वेळ मोजणारी चिप). थ्रेशोल्ड ठरलेला आहे.

चेंबूरकर: एवढा खटाटोप कशाला? व्हीएल53एल1एक्सचं तयार मॉड्यूल घ्या, 4 मीटरपर्यंत मोजतं. लॅमिंग्टन रोडला विचारा.

घाटकोपरकर: मला 30 मीटर हवेत. रिसीव्हर डिझाइन करणं हाच प्रोजेक्ट आहे.

मापनवेडा: भरपूर पल्सची सरासरी घ्या. माझ्या अल्ट्रासॉनिकच्या टाकीमापकात त्यानेच आकडा स्थिर झाला.

सोल्डरवाला: सरासरीने आकड्याची थरथर जाईल, हे 40 सेंमी जाणार नाहीत. कापडावरून आलेली प्रत्येक पल्स कमजोर असते, ती थ्रेशोल्डपर्यंत उशिराच चढते. 1 नॅनोसेकंद म्हणजे जाऊन-येऊन 15 सेंमी, म्हणजे तुमचा उशीर साधारण 2.7 नॅनोसेकंद. पल्स चढायलाच 4-5 नॅनोसेकंद घेत असेल तर एवढं होणारच. कंपॅरेटर राहू द्या, कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर (सीएफडी) लावा, तो पल्सच्या उंचीच्या ठरावीक हिश्श्यावर वेळ पकडतो. ॲम्प्लिफायरची बँडविड्थ (किती जलद सिग्नल झेपतो) किती?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटेशन: जवळच्या पांढऱ्या भिंतीवर ॲम्प्लिफायर सॅच्युरेट झाला (सिग्नल त्याच्या मर्यादेबाहेर गेला) की पल्सचा आकारच बिघडतो, तिथे सीएफडी फसतो. त्यापेक्षा पल्सची रुंदी मोजा. टीडीसी7200 मध्ये स्टॉपची कड (पल्स चढताना मोजणी थांबवायची की उतरताना) रजिस्टरमधून बदलता येते. एका शॉटला चढती कड, पुढच्याला उतरती. दोन्हींतला फरक ही रुंदी. एकाच अंतरावर पांढरा, राखाडी, काळा कागद लावून रुंदीप्रमाणे किती वजा करायचं त्याचा तक्ता बनवा. नवा बोर्ड लागणार नाही.

सोल्डरवाला: वस्तू हलत असेल तर दोन शॉट जुळणार नाहीत.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटेशन: बरोबर. हलत्या वस्तूसाठी टीडीसी7201 घ्या, त्यात दोन टीडीसी आहेत, दोन्ही कडा एकाच शॉटमध्ये मिळतात. शुक्रवारी भिंतीवरच दाखवायचं असेल तर आहे त्यात भागेल.

चेंबूरकर: 905 डोळ्याला दिसत नाही. वर्गात मुलांकडे रोखू नका.

घाटकोपरकर: कड बदलून बघतो. एपीडीचं बायस (त्याला दिलेलं व्होल्टेज) तापमानाप्रमाणे बदलावं लागतं का? दुपारी लॅबमध्ये आकडा आणखी सरकतो.

सोल्डरवाला: हे आधी सांगायचं ना! हो, तापमान वाढलं की त्याच व्होल्टेजला एपीडीचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) उतरतो. बायस ठरलेलं ठेवलंय का? आणि बँडविड्थ अजून सांगितली नाहीत.