एक्क्यांची जोडी लपवू नका

पोकरमध्ये हातात दोन एक्के आले की फ्लॉपआधी (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं उघडण्याआधी) नुसता कॉल करायचा, म्हणजे समोरच्या बोलीइतकेच चिप्स टाकायचे, आणि बाकीच्यांना गाफील ठेवायचं, असा सल्ला दिला जातो, तो मला अजिबात पटला नाही. समोर एकच जण असेल आणि त्याच्याकडे कुठलीही दोन पानं असतील, तर एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. तुम्ही गप्प बसलात आणि चार जण स्वस्तात आत शिरले, की तोच आकडा ५६ च्या आसपास येतो. ही जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते हो, तिची किंमत आपणच का घालवायची?

कोथरूडला आम्ही मित्र शनिवारी रात्री पैसे न लावता, फक्त चिप्सवर टूर्नामेंट खेळतो. तिथे १००-२०० च्या ब्लाइंडला (ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी टाकायची सक्तीची बोली) मी एक्के असेच दडवले होते. बिग ब्लाइंडवाल्याला, म्हणजे २०० टाकलेल्याला, फुकटात फ्लॉप दिसला, नऊ-चौक्याच्या दोन जोड्या जमल्या आणि माझा सगळा स्टॅक, म्हणजे चिप्सचा ढीग, गेला. तेव्हापासून अशा वेळी मी ५०० तरी रेझ करतोच, म्हणजे बोली वाढवतोच.

एक्का-राजाचं गणित वेगळं. राण्यांच्या जोडीसमोरसुद्धा तो थोडा मागेच असतो. दहा-बारा बिग ब्लाइंडइतकेच चिप्स उरले असतील तर मी त्यावर बिनधास्त ऑल-इन जातो, म्हणजे सगळे चिप्स लावतो. पण बबलवर (बक्षिसाच्या जागांच्या अगदी उंबरठ्यावर), माझा स्टॅक मध्यम असताना सगळ्यात मोठ्या स्टॅकवाल्याने ऑल-इन केलं, तर तोच हात मी कित्येकदा टाकून देतो. दोन-तीन छोटे स्टॅक आपल्याआधी बाहेर पडायच्या बेतात असतात ना!